पंधरा तास चाळीस मिनिटे

५ फेब्रुवारी २०१९ रोजी, मंगळवारी, दुपारी साडेचार वाजता मी माझ्या मोटारसायकलवरून कोल्हापुरातील एका पोलीस ठाण्यात गेलो. मला अटक झाल्याची नोंद त्याच ठाण्याच्या दैनंदिनीत दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी झाली. मधले पंधरा तास चाळीस मिनिटे मी कोठे होतो, याबद्दल त्या दैनंदिनीत एक अक्षरही नव्हते. पुढे पाच वर्षे कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जो दावा चालला, तो कागदोपत्री नुकसानभरपाईचा असला तरी खरे म्हणजे या न लिहिलेल्या तासांचा होता.

शिवाजी उद्यमनगरात माझे दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन आहे. मी जॉबवर्क करतो. एका पुरवठादाराने पंपाच्या बॉडीची कास्टिंग्ज, म्हणजे ओतीव भाग, मशिनिंगसाठी दिली होती. वरचा थर उतरताच त्यातल्या निम्म्याहून अधिक नगांमध्ये ब्लोहोल दिसू लागले. कास्टिंगच्या पोटातला पोकळ दोष बाहेरून दिसत नाही, टूल लागल्यावरच उघडा पडतो, हे उद्यमनगरातला शिकाऊ पोरगाही सांगेल. पुरवठादाराचे म्हणणे मात्र असे, की माल माझ्या हातून बिघडला आणि रिजेक्शनची किंमत मीच भरावी. दोघांनी एकमेकांना पत्रे लिहिली, ती किंमत माझ्या नावे टाकणारी डेबिट नोट आली, मी ती परत केली. असा वाद उद्यमनगरात दर महिन्याला होतो आणि बहुधा पुढच्या ऑर्डरीत वळता होऊन मिटतो. या गृहस्थाने तो मिटवण्यासाठी पोलीस ठाण्यात अर्ज दिला.

अशा अर्जावर पोलिसांनी काय करावे, हे ठरलेले आहे. बाब दिवाणी स्वरूपाची असल्याने योग्य त्या न्यायालयात दाद मागावी, अशी लेखी समज अर्जदाराला द्यायची आणि अर्ज निकाली काढायचा. या मजकुराची पत्रे ठाण्यांतून रोज निघत असतात. माझ्या बाबतीत ते पत्र निघाले नाही, फोन आला. ‘जरा येऊन जावा, साहेबांना दोन मिनिटं बोलायचंय,’ एवढाच. मी गेलो.

आत काय झाले ते मी न्यायालयात शपथेवर सांगितले आहे, म्हणून येथे थोडक्यात सांगतो. मोबाईल आणि गाडीची किल्ली ठाणे अंमलदाराच्या टेबलाच्या खणात गेली. मला बाकावर बसवले. सात वाजता उपनिरीक्षकांनी आतल्या खोलीत बोलावून पैसे कधी देणार असे विचारले. माल त्यांचा सदोष आहे, मी देणे लागत नाही, असे म्हटल्यावर दोन्ही तळहातांवर पट्टा बसला. रात्री साडेदहाच्या सुमारास घरून चेकबुक मागवून एक लाख चाळीस हजारांचा चेक पुरवठादाराच्या नावे लिहून घेतला. सही करताना मी बोलून गेलो, की सकाळी बँकेत जाऊन हा चेक थांबवतो. माझ्या त्या वाक्याची किंमत एक रात्र होती. सकाळी मला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ खाली, म्हणजे दखलपात्र गुन्हा घडू नये यासाठी, एका चौकात आरडाओरडा करताना ताब्यात घेतल्याचे दाखवले. दुपारी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे जातमुचलका लिहून दिल्यावर मी घरी आलो. ज्याला पोलीस आणि वकील दोघेही सहजपणे ‘चॅप्टर’ म्हणतात, ते प्रतिबंधक कारवाईचे प्रकरण माझ्या नावावर लागले होते.

चेक मी थांबवला नाही. तिसऱ्या दिवशी तो वटला. का थांबवला नाही, हे मला उलटतपासणीत तीन वेळा विचारण्यात आले आणि तिन्ही वेळा माझे उत्तर एकच होते, की मला भीती वाटली.

एक गोष्ट मात्र त्या दुपारी झाली आणि ती माझ्या शहाणपणाने नव्हे, धाकट्या भावाच्या हट्टाने. घरी जाण्याआधी त्याने मला सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेले. अपघात विभागातल्या डॉक्टरांनी विचारले, ‘कशानं लागलं?’ मी गप्प होतो. भावाने सांगितले. केसपेपरवर दोन्ही तळहातांवरील सूज आणि वळ लांबी-रुंदीसह लिहिले गेले आणि रुग्णाने सांगितलेले कारणही त्याच ओळीत आले. जखम चोवीस तासांच्या आतली असल्याचेही नोंदवले होते. तो कागद पुढे न्यायालयात निशाणी, म्हणजे पुराव्याचा कागद, म्हणून दाखल झाला. लेथवर काम करणाऱ्याला हँडल धरता येत नसेल तर घरी बसण्याखेरीज पर्याय नसतो. मी अठरा दिवस बसलो. त्या अठरा दिवसांत भेटायला आलेल्या प्रत्येकाने, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ऐकवली. आईने तर ती रोज ऐकवली.

वकील मिळायला महिना गेला. दोघांनी कागद पाहून परत केले. त्यांची अडचण मला समजते, कारण त्यांची फौजदारी कामे त्याच ठाण्याशी संबंधित होती. तिसरे वकील वयस्कर होते आणि केवळ दिवाणी बाजू चालवत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो मारहाणीचा नव्हता. ‘तारीख कोणती?’ मी सांगितली. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पाने उलटली आणि ऑगस्टवर बोट ठेवले. ‘हे बघा, पाच ऑगस्ट. त्याच्या आत आपण आत पाहिजे.’

हे सहा महिन्यांचे गणित मला ठाऊक नव्हते आणि मी ज्यांच्याशी बोललो आहे त्यांपैकी जवळपास कोणालाच ठाऊक नसते. बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल भरपाई मागण्यासाठी मुदतीच्या कायद्यात सुटका झाल्यापासून एक वर्ष दिलेले आहे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याच्या कलम १६१ प्रमाणे, पोलिसाने कर्तव्याच्या आवरणाखाली किंवा अधिकाराची मर्यादा ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा कृत्याच्या तारखेपासून सहा महिन्यांनंतर आला तर तो चालवायचाच नाही. याच कलमात आणखी एक अट आहे. ज्याच्यावर दावा करायचा, त्या पोलिसाला किमान एक महिना आधी, कृत्याचे पुरेसे वर्णन असलेली नोटीस द्यावी लागते. ती दिली नसेल तर दावा फेटाळला जातो. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे शासनाला आणि सरकारी अधिकाऱ्याला दोन महिन्यांची नोटीस वेगळी द्यावी लागते. म्हणजे सहा महिन्यांच्या पोटात दोन महिने नोटिशीचे, मे महिन्यात न्यायालयाची उन्हाळी सुट्टी आणि आमचा महिना तर वकील शोधण्यातच गेला होता.

मारहाण आणि नोंदीशिवाय डांबून ठेवणे हे मुळात पोलिसाचे कर्तव्यच नाही, त्यामुळे त्याला कलम १६१ चे संरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटले आहे. १९६६ च्या निकालपत्रांत छापलेला हा निकाल ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध आत्माराम’ या नावाने ओळखला जातो. मी उत्साहाने म्हणालो, मग घाई कशाला? वकीलसाहेब म्हणाले, ‘आत्माराम हा खिशातला रुमाल आहे. पाऊस आला तर डोक्यावर धरायचा. म्हणून मुद्दाम पावसात जायचं नसतं.’

दुसऱ्या मार्गांचीही चर्चा झाली. दंडाधिकाऱ्यांपुढे खाजगी फौजदारी फिर्याद करता येत होती. पण लोकसेवकावर खटला चालवायला शासनाची पूर्वमंजुरी लागते की नाही, या एकाच प्रश्नावर अशी प्रकरणे वर्षानुवर्षे अडकतात. मुंबईला उच्च न्यायालयात रिट याचिका करता आली असती. तेथे मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल भरपाई मिळते. परंतु मी म्हणणार रात्रभर ठाण्यात होतो आणि ते म्हणणार सकाळी चौकात सापडला, अशा जेथे घटनेवरच वाद आहे तेथे साक्षीपुरावा घेण्यासाठी बहुधा दिवाणी न्यायालयाचाच रस्ता दाखवला जातो. दिवाणी दाव्यात मंजुरी लागत नाही आणि शंकेपलीकडे सिद्ध करण्याचीही गरज नसते. कोणाची बाजू अधिक संभवनीय आहे, ते पाहिले जाते. मला कोणाला तुरुंगात पाठवायचे नव्हते. चेकचे पैसे परत हवे होते आणि त्या रात्री मी ठाण्यात होतो, हे कोणीतरी अधिकृतपणे लिहून द्यायला हवे होते.

नोटीस लिहिण्यात दोन आठवडे गेले. माझ्या मसुद्यात ‘अमानुष’, ‘निर्दयी’ असे शब्द सात-आठ ठिकाणी होते. वकीलसाहेबांनी ते सगळे काढले आणि त्यांच्या जागी वेळा घातल्या. साडेचार, सात, साडेदहा. कलम ८० च्या नोटिशीत वादीचे नाव, वर्णन, राहण्याचे ठिकाण, दाव्याचे कारण आणि मागणी एवढे असावे लागते, आणि दावा नंतर त्याच कारणापुरता उभा राहतो. नोटिशीत जे नाही ते दाव्यात घुसडले, की प्रतिवादी बरोबर त्यावर बोट ठेवतो. शासनासाठीची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक शाखेत देऊन आम्ही दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली, शिवाय तीच पोचपावतीसह टपालानेही पाठवली. निरीक्षक आणि उपनिरीक्षक यांना त्यांच्या नावाने वेगवेगळ्या नोटिसा गेल्या. एक पाकीट ‘घेण्यास नकार’ या शेऱ्यासह परत आले. ते मी न फोडता तसेच जपून ठेवावे, अशी मला सक्त ताकीद होती. न्यायालयात ते सीलबंद अवस्थेत दाखल झाले.

या १९५१ च्या कायद्यात एक गमतीची तरतूद आहे. नोटीस मिळाल्यानंतर प्रतिवादीने भरपाई म्हणून काही देऊ केले होते का, आणि असल्यास काय, हे वादपत्रात लिहावे लागते. कायदा करणाऱ्यांना असे वाटले असावे, की नोटीस मिळताच पोलीस अधिकारी पाकीट घेऊन दारात येईल. आमच्याकडे पेठेतल्या तालमीतला एक ओळखीचा माणूस आला. ‘मिटवून टाका, साहेब चांगला माणूस आहे,’ असे म्हणून तो चहा पिऊन गेला, आणि चहा आमचाच होता. वादपत्रात आम्ही ‘काहीही देऊ केलेले नाही’ असे लिहिले.

नोटिशीची मुदत चालू असताना वकीलसाहेबांनी मला माहिती अधिकाराचे तीन अर्ज करायला लावले. पहिला ठाण्याच्या सीसीटीव्ही चित्रणासाठी. उत्तर आले, की चित्रण तीस दिवसांनी आपोआप पुसले जाते. (पुढे डिसेंबर २०२० मध्ये, परमवीर सिंग सैनी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रण अठरा महिने जपण्याचे आदेश दिले. मला त्याचा उपयोग नव्हता. पण आज कोणावर अशी वेळ आली, तर त्याने पहिल्याच आठवड्यात चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी करून पोच घ्यावी.) दुसरा अर्ज ठाणे दैनंदिनीच्या उताऱ्यासाठी होता. तो मिळाला आणि त्यात अपेक्षेप्रमाणे मी नव्हतो.

तिसऱ्या अर्जाने दावा उभा राहिला. ५ तारखेच्या रात्री पत्नी आणि भाऊ ठाण्यात आले असता त्यांना ‘इथे असा कोणी नाही’ असे सांगून परत पाठवले होते. माझी मोटारसायकल आवारात उभी असलेली भावाने पाहिली आणि रस्त्यावर येऊन त्याने १०० नंबर फिरवला. त्या फोनची आम्हाला स्वतःला आठवणही राहिली नव्हती. ‘त्या रात्री तुमच्या घरच्यांनी कुणाकुणाला फोन केले?’ असे वकीलसाहेबांनी विचारले, तेव्हा भावाने ते सहज सांगितले. नियंत्रण कक्षाच्या नोंदवहीचा उतारा मागवला. अर्जाच्या एकोणतिसाव्या दिवशी तो आला. रात्री २१.५२ ला आलेला फोन, फोन करणाऱ्याचे नाव, तक्रार आणि शेवटच्या रकान्यात अशी नोंद होती, की संबंधित ठाणे अंमलदारांना विचारले असता सदर इसम चौकशीकामी ठाण्यात हजर असल्याचे त्यांनी कळवले. नियंत्रण कक्षातल्या कोण्या कर्मचाऱ्याने आपले काम चोख केले होते. त्याचे नाव मला आजही ठाऊक नाही.

डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली अटकेबाबत अकरा सूचना दिल्या. अटक आणि ती व्यक्ती कोठे ठेवली आहे याची माहिती बारा तासांच्या आत नियंत्रण कक्षाला कळवावी, ही त्यांतली शेवटची. माझ्या बाबतीत ती माहिती ठाण्याने आपण होऊन कळवली नव्हती, विचारल्यावर बेसावधपणे सांगून टाकली होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्या न्यायालयात दावा दाखल झाला. प्रतिवादी चार होते. राज्य शासन, निरीक्षक, उपनिरीक्षक आणि पुरवठादार. मागणी चार लाख पंच्याऐंशी हजारांची होती. त्यात चेकचे एक लाख चाळीस हजार, बुडालेल्या कामाचे पंचेचाळीस हजार आणि शारीरिक व मानसिक त्रासाचे तीन लाख. मला पंचवीस लाख मागायचे होते. कोर्ट फी मागणीच्या रकमेवर भरावी लागते, हे कळल्यावर माझा राग आपोआप आवरला.

आणि मग ऑगस्ट आला. कोल्हापूरकरांना २०१९ चा ऑगस्ट सांगावा लागत नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे; त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ महामार्ग अनेक दिवस बंद राहिला आणि निम्म्या शहराने गच्चीवर बसून होड्या पाहिल्या. पाच ऑगस्टला, माझी सहा महिन्यांची मुदत संपत होती त्या दिवशी, पाणी चढतच होते. न्यायालय बंद असताना मुदत संपली तर ते उघडण्याच्या दिवशी दावा दाखल करता येतो, ही सवलत कायद्यात आहे. पण त्या दिवशी न्यायालय कायद्याच्या अर्थाने ‘बंद’ होते की नाही, यावर आणखी दोन वर्षे भांडावे लागले असते. वकीलसाहेबांनी एकदाही ‘बघा, मी सांगितलं होतं’ असे म्हटले नाही. मीच म्हणालो.

समन्स बजावण्यात पुराने तीन महिने खाल्ले. पुरवठादाराची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेले लेखी उत्तर, आधी आली. मग शासनाची येईना. तारखा पडत गेल्या, दंड लागला, तो भरून कैफियत आली तोवर मार्च २०२० उजाडला आणि सगळेच बंद झाले. त्यानंतरच्या दीड वर्षाबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

शासनाच्या कैफियतीचा बराचसा भाग ‘मजकूर खरा नाही व तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही’ या एका वाक्याने व्यापला होता. मी कोल्हापूरचा रहिवासी आहे, हेसुद्धा मान्य व कबूल नव्हते. खरे बचाव चार होते. दावा मुदतीत नाही. नोटीस सदोष आहे. कृत्य सद्भावनेने केले. आणि पोलिसी काम हे राज्याचे सार्वभौम कार्य असल्याने नोकराच्या चुकीसाठी राज्य जबाबदार नाही.

शेवटचा बचाव समजून घेताना मला कस्तुरीलालची गोष्ट कळली. १९४७ साली अमृतसरहून मेरठला सोने-चांदी विकायला गेलेल्या एका व्यापाऱ्याला पोलिसांनी संशयावरून अडवले. जप्त केलेला माल मालखान्यात ठेवला. व्यापारी सुटला, चांदी परत मिळाली, पण शंभराहून अधिक तोळे सोने घेऊन तेथला हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात निघून गेला. साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचा निष्काळजीपणा मान्य केला आणि तरीही भरपाई नाकारली, कारण अटक आणि जप्ती हे सार्वभौम अधिकार आहेत. गुजरीतल्या कोणत्याही सराफाला हा निकाल सांगून पाहावा; तो हातातला तराजू खाली ठेवील. या निकालाची धार पुढे बोथट होत गेली. १९९३ च्या नीलाबती बेहरा प्रकरणात, कोठडीतल्या मृत्यूबद्दल आईला दीड लाख रुपये देताना, मूलभूत हक्कांचा भंग झाला असेल तेथे हा बचाव चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणून आमच्या वादपत्रात अपकृत्याच्या, म्हणजे भरपाईस पात्र अशा चुकीच्या कृत्याच्या, शेजारी जीवित, स्वातंत्र्य आणि अटकेपासूनच्या संरक्षणाचे मूलभूत हक्क देणारे संविधानाचे अनुच्छेद २१ आणि २२ पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते. ते नंतर सुचून भागले नसते.

माझी उलटतपासणी दोन तारखांना झाली. सरकारी वकील सौम्य आवाजात बोलत आणि त्यामुळेच अवघड वाटत. तुम्ही स्वतःच्या गाडीवरून आलात हे खरे आहे? खरे आहे. बेड्या घातल्या नव्हत्या? नव्हत्या. कोठडीत ठेवले नव्हते? नाही, बाकावर. दार उघडे होते? होते. मग उठून गेला का नाहीत? मी उत्तर दिले, की किल्ली आणि मोबाईल खणात होता, दोन शिपाई दाराशी होते आणि लघवीला जातानाही एक जण सोबत येत होता. कायद्याच्या दृष्टीने डांबण्यासाठी कुलूप लागत नाही, जाण्याची मोकळीक पूर्णपणे काढून घेतली की पुरे, हे मला आधी समजावून सांगितलेले होते. पण हे समजावलेले वाक्य मी बोललो असतो तर ते पढवल्यासारखे वाटले असते. बरे झाले, मी लघवीचेच सांगितले. मोबाईलच्या टॉवर नोंदीही आम्ही मागवल्या होत्या. कंपन्या तेव्हा त्या वर्षभरच ठेवीत, म्हणून दावा दाखल होताच त्यासाठी अर्ज दिला होता. त्यांतून फारसे निघाले नाही, कारण माझे वर्कशॉप त्याच टॉवरच्या टापूत येते, हे मला कबूल करावे लागले.

उपनिरीक्षकांची साक्ष २०२३ च्या उन्हाळ्यात झाली. तोवर त्यांची बदली झाली होती. आदल्या दुपारपासून मी ठाण्यात नव्हतोच, सकाळी चौकात प्रथम पाहिले, असे त्यांनी शपथपत्रात म्हटले होते. वकीलसाहेबांनी अर्धा तास फक्त दैनंदिनी कशी लिहितात, नियंत्रण कक्षाचा फोन कोण घेतो, त्याला उत्तर देण्यापूर्वी खात्री करतात का, एवढेच विचारले. खात्री करतात, असे साक्षीदार ठामपणे म्हणाले. मग नियंत्रण कक्षाची मूळ नोंदवही, जी त्या कक्षाच्या कर्मचाऱ्याने समन्सवरून आणून आधीच शाबीत केली होती, त्यांच्या हाती देऊन २१.५२ ची ओळ वाचायला सांगितली. त्यांनी ती मनात वाचली. न्यायाधीशांनी मोठ्याने वाचायला सांगितली. ‘यात लिहिलेला इसम दुसरा असू शकेल,’ असे ते म्हणाले. नाव, पत्ता आणि भावाचा फोन नंबर त्याच ओळीत होता.

ऑगस्ट २०२४ मध्ये निकाल लागला. मला ५ तारखेच्या संध्याकाळपासून नोंदीशिवाय ठाण्यात ठेवले, हे शाबीत धरले गेले. चेक दडपणाखाली घेतल्याचेही मान्य झाले आणि पुरवठादाराने ती रक्कम सहा टक्के व्याजासह परत करावी, असा हुकूम झाला. शासन आणि उपनिरीक्षक यांनी मिळून साठ हजार रुपये भरपाई द्यायची होती. बुडालेल्या कामाचे पंधरा हजारच मिळाले, कारण माझ्याकडे रोजच्या कामाचा हिशेब धड लिहिलेला नव्हता. या बाबतीत न्यायालयाचे बरोबर होते. निरीक्षकांविरुद्धचा दावा फेटाळला गेला. त्या रात्री ते ठाण्यात हजर होते, याचा पुरावा आम्ही देऊ शकलो नाही. ते होते, हे मला माहीत आहे. त्यांनी दारातून एकदा पाहिले होते.

पुरवठादाराने चार महिन्यांत पैसे भरले. शासनाविरुद्धच्या हुकूमनाम्याची बजावणी तीन महिने वाट पाहिल्याशिवाय मागता येत नाही. ते तीन महिने संपण्याआधीच जिल्हा न्यायालयात शासनाचे अपील दाखल झाले आणि निम्मी रक्कम जमा करण्याच्या अटीवर स्थगिती मिळाली. अपील प्रलंबित आहे. त्यापुढे कोणी उच्च न्यायालयात गेलेच, तर आता रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथेच, सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत, बसू लागले आहे. ज्या अपघात विभागात माझे तळहात मोजले गेले, तो रस्त्याच्या पलीकडे आहे.

मागच्या महिन्यात इचलकरंजीहून एक यंत्रमागधारक माझा पत्ता विचारत वर्कशॉपवर आले. सुताच्या उधारीवरून त्यांनाही असेच एका ठाण्यात बसवून ठेवले होते. ते मारहाणीचे सांगू लागले, तेव्हा मी त्यांना मध्येच थांबवून तारीख विचारली. सात महिने अकरा दिवस झाले होते. मी मशीन बंद केले आणि त्यांना घेऊन वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी कॅलेंडरकडे पाहिले, उठून कपाटातून आत्मारामचा निकाल काढून टेबलावर ठेवला आणि त्यांना विचारले, ‘त्या रात्री तुमच्या घरच्यांनी कुणाकुणाला फोन केले?’